जुन्या ७४-मालिकेच्या चिपांतून घरी डिजिटल घड्याळ : कोल्हापुरात पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

तास, मिनिटं आणि सेकंद दाखवणारं, सहा लाल आकड्यांचं घड्याळ. आत मायक्रोकंट्रोलर नाही, आर्डुइनो नाही, एक ओळीचाही प्रोग्राम नाही. आहेत त्या फक्त मोजणाऱ्या आणि मोजलेला आकडा पडद्यावर उमटवणाऱ्या साध्या लॉजिक चिपा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९६० च्या दशकात आणलेल्या ७४-मालिकेतल्या या चिपा आजही मिळतात आणि आजही चालतात.

डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला असलेल्या मुलांनी ७४९० ही मोजणारी चिप वहीत काढलेली असते, परीक्षेत लिहिलेली असते. पण ५९ चा ०० होताना पुढचं मिनिट नेमकं कुठल्या तारेतून सरकतं, हे स्वतःच्या टेबलावर पाहिलेलं नसतं. ते पाहायचं असेल तर हे घड्याळ करा. कॉलेज सोडून वर्षं झाली असतील, किंवा इलेक्ट्रॉनिक्स कधीच शिकला नसाल, तरी जमेल. मल्टिमीटर धरता यावा आणि घाई करू नये, एवढीच अट.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बहुतेक घड्याळं इथंच अडतात. सगळ्या चिपा लावून, सगळ्या तारा जोडून शेवटी एकदम वीज देऊ नका. प्रत्येक टप्पा एकटा चालवा, तो पक्का झाला की मगच पुढचा जोडा. शंभराहून जास्त तारांत एक चुकलेली तार शोधणं फार जड जातं. सात तारांत ती लगेच दिसते.

काय काय लागेल

- ७४एलएस९० : ७ नग (दोन जास्तीच्या घ्या)
- ७४एलएस४७ (डिकोडर, म्हणजे मोजलेला आकडा डिस्प्लेवर उमटवणारी) : ६ नग
- सीडी४०६० : १ नग, ७४एलएस१४ : १ नग
- कॉमन अ‍ॅनोड सात-खंडी डिस्प्ले (सातही खंडांची धन टोकं एकत्र जोडलेला), एलटी५४२ किंवा एफएनडी५०७ : ६ नग
- ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल. मनगटी घड्याळात असतो तोच, बारीक नळीसारखा
- ३३० ओहम रेझिस्टर : ४२ नग. शिवाय ४७० ओहम, ३३० किलोओहम आणि १० मेगाओहम थोडे थोडे
- २२ पिकोफॅरड कपॅसिटर दोन, ५ ते ३० पिकोफॅरडचा ट्रिमर (फिरवून कमीजास्त करता येणारा कपॅसिटर) एक
- ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक कपॅसिटर (वर १०४ लिहिलेले) : प्रत्येक चिपेला एक
- ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर एक
- ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचून जोडायचा बोर्ड) तीन-चार, नंतरसाठी झीरो पीसीबी (नुसत्या भोकांचा, सोल्डर करायचा बोर्ड) आणि आयसी बेस (चिप खोचायचे सॉकेट)
- एक-तारी हुकअप वायर, निदान चार रंगांत
- बदली स्विच (तीन पिनांचे) तीन
- २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, सोल्डर पंप, मल्टिमीटर
- ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला मोबाइल चार्जर

१. चिपा गोळा करा आणि ओळखायला शिका

शहरातल्या सुट्या भागांच्या दुकानांत ७४एलएस९० आणि ७४एलएस४७ विचारा. डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला लागतात म्हणून बरेचदा सापडतात. नाही मिळाल्या तर पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन. पण खरोखर जुन्या, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चिपा हव्या असतील तर आपल्या गावात दुसरी वाट आहे. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांतून जुनी कंट्रोल पॅनेलं निघतात आणि भंगारात जातात. त्यांतल्या कार्डांवर ७४-मालिकेच्या चिपा रांगेने बसलेल्या असू शकतात. भंगारवाल्याशी ओळख ठेवा आणि कार्ड घेण्याआधी चिपांवरचे नंबर वाचा. बेसमध्ये बसवलेल्या चिपा असतील तर सोनं, कारण त्या नुसत्या उचलून निघतात.

चिपेवर नंबराशिवाय आणखी एक चार आकडी संख्या बरेचदा असते. ७८२४ असेल तर ती चिप १९७८ सालच्या २४ व्या आठवड्यात तयार झाली. मात्र ७४-मालिकेत ७४७४ सारखे नंबरही चारच आकड्यांचे, त्यामुळे कुठला नंबर आणि कुठली तारीख हे नीट पाहा. पिना काळ्या पडलेल्या असल्या म्हणून चिप टाकू नका. चांदीचा मुलामा हवेतल्या गंधकाने काळवंडतो. खोडरबराने हलक्या हाताने घासा.

आता महत्त्वाचं. नुसती ७४९० आणि ७४एलएस९० यांचं काम एकच, पिनाही त्याच, पण भूक वेगळी. जुनी ७४९० साधारण २९ मिलीअँपिअर घेते, एलएस साधारण ९. डिकोडरमध्ये फरक आणखी मोठा आहे. जुनी ७४४७ साधारण ६४ मिलीअँपिअर खाते आणि एलएस जेमतेम ७. सगळं घड्याळ जुन्या चिपांत केलं तर डिस्प्ले धरून एक अँपिअरच्या आसपास जातं, एलएसमध्ये अर्ध्या अँपिअरच्या आत राहतं. पहिलं घड्याळ एलएसमध्ये करा. जुन्या चिपा हाताशी असतील तर दुसरं त्यांचं करा, आणि एकाच घड्याळात दोन्ही जाती मिसळू नका. याचं कारण तासांच्या टप्प्यावर येईल.

२. वीज

जुन्या पद्धतीत ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीची डीसी करणारे चार डायोड), मोठा कपॅसिटर आणि ७८०५ (व्होल्टेज ५ वर ठेवणारी चिप) असं सगळं घरी करतात. देखणं काम आहे, पण पहिल्यांदा करणाऱ्याने २३० व्होल्टच्या बाजूला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चांगल्या कंपनीचा ५ व्होल्टचा चार्जर घ्या, जुनी यूएसबी केबल कापून लाल आणि काळी तार काढा.

७४-मालिकेच्या या चिपा टीटीएल जातीच्या, त्यांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. चार्जरला लावलेली केबल लांब आणि बारीक असेल तर वाटेतच व्होल्टेज गळतं आणि बोर्डावर ४.५ उरतात. मग घड्याळ मधूनच आकडे गाळतं आणि तुम्ही चिपांना दोष देत बसता. म्हणून मोजायचं ते बोर्डावर, सगळे आकडे पेटलेले असताना. केबल आखूड आणि जाड ठेवा, बोर्डाच्या तोंडाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवा.

ब्रेडबोर्डाच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काही बोर्डांवर मधोमध तुटलेल्या असतात, वरून रेघ सलग दिसत असली तरी. मल्टिमीटरची पीप लावून तपासा आणि तुटलेल्या असतील तर तारेने जोडा. प्रत्येक चिपेच्या वीज आणि ग्राउंड पिनांजवळ १०४ चा कपॅसिटर हवाच. टीटीएल चिप पलटी मारताना क्षणभर जोराचा प्रवाह ओढते. तो जवळून मिळाला नाही तर शेजारची चिप गोंधळते.

३. एक आकडा पेटवा

आधी डिस्प्ले तपासा. एलटी५४२ ला खाली पाच, वर पाच पिना असतात. समोरून पाहिल्यावर खालची ओळ डावीकडून : ई, डी, कॉमन, सी, टिंब. वरची ओळ उजवीकडून डावीकडे : बी, ए, कॉमन, एफ, जी. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल टोक कॉमनवर, काळं एकेका पिनेवर. प्रत्येक खंड मंद पेटला पाहिजे. उलटं लावल्यावर पेटत असेल तर तो कॉमन कॅथोड आहे (एलटी५४३ तसा असतो) आणि ७४४७ बरोबर चालणार नाही. दुकानात हे दोन्ही एकाच डब्यात असू शकतात, काउंटरवरच तपासून घ्या.

७४४७ च्या पिना :

- आकडा आत येतो : ए ७, बी १, सी २, डी ६ (यांची किंमत अनुक्रमे १, २, ४, ८; ५ व्होल्टवर असलेल्यांची बेरीज म्हणजे आकडा)
- खंड बाहेर जातात : ए १३, बी १२, सी ११, डी १०, ई ९, एफ १५, जी १४
- वीज १६, ग्राउंड ८
- ३, ४ आणि ५ या पिना ५ व्होल्टला

सातही खंडांना स्वतंत्र ३३० ओहमचा रेझिस्टर द्या. इथं काटकसर करून कॉमन पिनेवर एकच रेझिस्टर लावायचा मोह होतो. तसं केलं की १ लखलखीत दिसतो आणि ८ मलूल, कारण तोच प्रवाह दोन खंडांत वाटायचा की सातांत यावर उजेड ठरतो. ३३० ओहमवर एका खंडातून साडेआठ मिलीअँपिअरच्या आसपास जातात. घरात पाहायला तेवढे भरपूर.

आता पिन ३ क्षणभर ग्राउंडला लावा. आठचा आकडा पूर्ण पेटला पाहिजे. ही पिन चाचणीसाठीच दिलेली आहे. मग ए, बी, सी, डी हाताने ग्राउंड किंवा ५ व्होल्टला लावून शून्य ते नऊ काढून बघा. ६ ला वरची शेंडी आणि ९ ला खालची शेपटी दिसणार नाही. घाबरू नका, ७४४७ चा आकडाच तसा आहे. मला तर तो फार आवडतो, जुन्या यंत्रांची ओळखच ती.

एक आकडा झाला की उरलेले पाच तसेच करा. कंटाळवाणं काम आहे, पण इथं नीट रंग ठरवून तारा टाकल्या तर पुढचं सगळं सोपं जातं.

४. सेकंद कुठून आणायचा

विजेच्या तारेतल्या ५० हर्ट्झला पन्नासने भागून सेकंद काढायची पद्धत प्रसिद्ध आहे. पण आपल्याकडे ती माझ्या मते नवख्याने टाळावी. ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राखायची असते. दिवसभराची सरासरी ४९.९५ पडली तरी घड्याळ दिवसाला ८६ सेकंद मागे पडतं. शिवाय चार्जर वापरला तर ५० हर्ट्झ हाताशी येतही नाहीत. तरीही कोणी ट्रान्सफॉर्मरवाला मार्ग घेतलाच, तर खूण ब्रिजच्या आधी घ्यायची. ब्रिजनंतर ती १०० हर्ट्झची होते आणि घड्याळ दुप्पट धावतं.

आपण क्रिस्टल वापरू. ३२,७६८ हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे. सीडी४०६० त्याला चौदा वेळा अर्धा करते आणि पिन ३ वर सेकंदाला दोन ठोके येतात.

जोडणी अशी : पिन १० आणि ११ च्या मध्ये १० मेगाओहम. पिन १० पासून ३३० किलोओहम, त्याच्या दुसऱ्या टोकाला क्रिस्टलचा एक पाय. क्रिस्टलचा दुसरा पाय थेट पिन ११ ला. क्रिस्टलच्या दोन्ही पायांपासून ग्राउंडला २२ पिकोफॅरड. पिन १६ वीज, पिन ८ ग्राउंड. आणि पिन १२ ग्राउंडला. ती मोकळी राहिली तर चिप रीसेटमध्ये (शून्यावर) अडकते किंवा मनाला येईल तशी वागते.

पुढचा सापळा आकृत्यांत क्वचितच लिहिलेला असतो. सीडी४०६० ही टीटीएल नव्हे, सीमॉस जातीची चिप, तिची ओढ फार थोडी. ५ व्होल्टवर अर्धा मिलीअँपिअर ओढायचीच काय ती खात्री. ७४एलएस९० ची घड्याळ-पिन (ठोके आत घेणारी) मात्र २.४ मिलीअँपिअरपर्यंत मागते. दोन्ही थेट जोडल्या तर काही चिपांवर चालतं, काहींवर नाही, आणि चाललं तरी भरवशाचं नसतं. म्हणून मध्ये ७४एलएस१४ चा एक इन्व्हर्टर (आलेली खूण उलटी करून देणारा चिपेतला भाग) घाला : सीडी४०६० ची पिन ३ जाते ७४एलएस१४ च्या पिन १ ला, आणि ७४एलएस१४ च्या पिन २ वर भक्कम ठोके मिळतात. या चिपेची वीज पिन १४, ग्राउंड पिन ७. न वापरलेल्या इन्व्हर्टरांच्या आत येणाऱ्या पिना ग्राउंड करा.

तपासायला ५ व्होल्टपासून ४७० ओहम, मग एलईडी, आणि एलईडीचं उणे टोक पिन २ वर. टीटीएल चिप प्रवाह खाली ओढायला जोरकस आणि वर ढकलायला कमजोर असते, म्हणून एलईडी असाच लावायचा. सेकंदाला दोनदा लुकलुकला की काम झालं. सुरू व्हायला क्रिस्टल थोडा वेळ घेतो. पिन १० किंवा ११ वर मल्टिमीटरचं टोक टेकवू नका, तेवढ्या भारानेही तो बंद पडू शकतो.

५. पहिली मोजणी : ७४९०

या चिपेचे पाय एकदा पाठच करा, सगळं घड्याळ हिच्यावर उभं आहे.

- वीज पिन ५, ग्राउंड पिन १०. कोपऱ्यात नाही! सवयीने १४ आणि ७ ला वीज दिली की चिप चालत नाही
- घड्याळ-पिन ए १४, घड्याळ-पिन बी १
- बाहेर : क्यूए १२, क्यूबी ९, क्यूसी ८, क्यूडी ११ (किंमत अनुक्रमे १, २, ४, ८)
- शून्यावर आणणाऱ्या : २ आणि ३
- नऊवर नेणाऱ्या : ६ आणि ७

आत दोन वेगळे मोजणारे आहेत, एक दोनपर्यंत आणि एक पाचपर्यंत. दहा मोजायचे तर पिन १२ आणि पिन १ तारेने जोडा आणि ठोका १४ ला द्या. पिना ६, ७ ग्राउंडला, २, ३ पण ग्राउंडला. टीटीएलची मोकळी पिन स्वतःला ५ व्होल्टला लावलेली समजते, त्यामुळे ६ आणि ७ विसरल्या की आकडा नऊवर गोठतो, २ आणि ३ विसरल्या की शून्यावर. पडद्यावर गोठलेला ९ दिसला तर चिप बदलायच्या आधी या दोन तारा बघा.

आपल्याकडे सेकंदाला दोन ठोके आहेत, हवा एक. म्हणून पहिली ७४९० नुसती दोनाने भागायला वापरा : ठोका १४ ला, बाहेर १२ वरून. (तिचीही २, ३, ६, ७ ग्राउंड करा. पिन १ ची गरज नाही, तीही ग्राउंड करा.) तिथून निघालेला ठोका सेकंदांच्या एककाच्या ७४९० ला द्या आणि तिची क्यूए ते क्यूडी त्या आकड्याच्या ७४४७ ला. शून्य ते नऊ चालू झालं की थोडा वेळ बसून बघा, तेवढा हक्क तुमचा आहे.

आकडे चुकीच्या क्रमाने येत असतील तर क्यूबी आणि क्यूडी उलट जोडले असण्याचा संभव जास्त. पिनांचे नंबर ओळीने नसल्यामुळे हे सहज होतं. अर्धवट, ओळखू न येणारी चिन्हं दिसली तर डिकोडरला नऊच्या पुढचा आकडा जातोय. तेव्हाही याच चार तारा पाहा.

६. साठ कसे मोजायचे

७४९० ठोक्याच्या उतरत्या कडेला, म्हणजे ठोका वरून (५ व्होल्टकडून) खाली (शून्याकडे) येताना, पुढे सरकते. नवाचा शून्य होताना क्यूडी खाली येतो आणि हाच उतार दशकाच्या चिपेला ठोका म्हणून पुरतो. मध्ये कुठलंच गेट लागत नाही. एककाची पिन ११ थेट दशकाच्या पिन १४ ला.

दशकाची चिप सहावर वळवायची. सहा म्हणजे क्यूबी आणि क्यूसी दोन्ही वर. म्हणून तिची पिन ९ तिच्याच पिन २ ला आणि पिन ८ तिच्याच पिन ३ ला जोडा. पाचानंतर सहा येतो, क्षणभरही दिसत नाही आणि चिप स्वतःला शून्यावर आणते. त्याच वेळी क्यूसी खाली येतो, तोच मिनिटांच्या एककाचा ठोका. मिनिटांसाठी हीच जोडी पुन्हा.

कोणाकडे ७४९२ असेल तर दशकासाठी ती आणखी छान. पण दोन गोष्टी जपा. तिच्या बाहेरच्या पिना वेगळ्या आहेत (क्यूए १२, क्यूबी ११, क्यूसी ९, क्यूडी ८) आणि रीसेटच्या पिना ६, ७ आहेत, त्या ग्राउंडला जातात. १२ आणि १ इथंही जोडायच्या. दुसरं म्हणजे तिचा क्यूडी ७४४७ ला जोडायचा नाही. डिकोडरची डी पिन ग्राउंड करायची. क्यूए, क्यूबी, क्यूसी एवढेच शून्य ते पाच मोजतात आणि परत शून्यावर येतात. क्यूडी जोडला की पाचानंतर आठ दिसतो. पुढचा ठोका इथंही क्यूसीवरूनच घ्यायचा.

७. तास

बारा तासांच्या घड्याळात बारानंतर एक यावा लागतो, त्यासाठी वेगळी गेटं लागतात. चोवीस तासांचं सोपं आणि माझ्या मते जास्त कामाचं.

दोन ७४९०, एककाची पिन ११ दशकाच्या १४ ला. चोवीस झाले की दशकात दोन असतात, म्हणजे दशकाचा क्यूबी वर, आणि एककात चार, म्हणजे एककाचा क्यूसी वर. तर दशकाची पिन ९ दोन्ही चिपांच्या पिन २ ला, एककाची पिन ८ दोन्ही चिपांच्या पिन ३ ला. बस, एकही जास्तीची चिप न लावता चोवीसला शून्य.

जाती मिसळू नका म्हणालो ते यासाठी. दोन चिपांतली एक चपळ असली तर ती आधी शून्य होते, रीसेटची खूण तिथंच विरते आणि दुसरी अर्ध्यावर राहते. मग मध्यरात्री ००:०० ऐवजी ०४ किंवा २० दिसतात. एकाच जातीच्या, शक्यतो एकाच कंपनीच्या दोन चिपा इथं लावा आणि या तारा आखूड ठेवा.

सकाळी ०९ ऐवजी नुसता ९ हवा असेल तर तासांच्या दशकाच्या ७४४७ ची पिन ५ वीजेवरून काढून ग्राउंडला लावा आणि तिची पिन ४ वीजेवरून काढून मोकळी सोडा. पुढचा शून्य मावळतो.

चोवीस तास थांबून तपासायची गरज नाही. सीडी४०६० च्या पिन ३ ऐवजी पिन ६ वरून तार घ्या. सगळं घड्याळ १२८ पट धावतं आणि सबंध दिवस सव्वाअकरा मिनिटांत संपतो. ०९:५९ चे १०, १९:५९ चे २० आणि २३:५९:५९ नंतरचे शून्य, या तिन्ही वळणांवर नजर ठेवा.

८. वेळ लावायचे स्विच

मिनिटांच्या एककाची पिन १४ बदली स्विचच्या मधल्या पायाला. एका बाजूला सेकंदांकडून येणारा ठोका, दुसऱ्या बाजूला ७४एलएस१४ च्या पिन २ वरचे सेकंदाला दोन ठोके. तासांनाही तसाच स्विच. तिसरा स्विच सेकंदांच्या ठोक्यावर, थांबवण्यासाठी. घड्याळ एक मिनिट पुढे लावून थांबवा आणि मोबाइलवर ती वेळ आली की सोडा. स्विच बदलताना एखादा आकडा जास्त सरकू शकतो. त्यामुळे आधी मिनिटं, मग तास लावा, म्हणजे मिनिटं साठ ओलांडताना वाढलेला तासही दुरुस्त होतो.

मधल्या लुकलुकत्या ठिपक्यांसाठी ७४एलएस१४ चा रिकामा इन्व्हर्टर एक सेकंदाच्या ठोक्यावर वापरा, त्याच्या बाहेर आधीसारखाच एलईडी.

९. ब्रेडबोर्डवरून पीसीबीवर

ब्रेडबोर्डवर आठवडाभर चालू द्या, मगच सोल्डरिंग. झीरो पीसीबीवर चिपा थेट डागू नका, आयसी बेस लावा. आधी सगळ्या बेसांच्या वीज आणि ग्राउंडच्या जाड तारा टाका, चिपा न बसवता प्रत्येक बेसवर ५ व्होल्ट योग्य पिनेवर येतात का ते मोजा (७४९० च्या ५ आणि १०!). मग ब्रेडबोर्डवरचा एकेक टप्पा त्याच क्रमाने इकडे आणा आणि प्रत्येक वेळी चालवा.

क्रिस्टलच्या पायांना फार वेळ आयर्न टेकवू नका आणि त्याच्या तारा जेवढ्या आखूड तेवढं बरं. सोल्डरिंग झालं की त्या भागातला चिकट फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ करा. हे केवळ दिसण्यासाठी नाही. तिथं दहा मेगाओहमचा रेझिस्टर आहे. पावसाळ्यात आपल्याकडची हवा महिनोन् महिने ओली असते. फ्लक्सवर बसलेला ओलावा तेवढ्या रेझिस्टरला सहज बगल देतो आणि घड्याळ नेमकं जुलैत थांबतं. पूर्ण वाळल्यावर क्रिस्टलच्या भागावर वार्निशचा पातळ हात द्या. ट्रिमरवर मात्र वार्निश जाऊ देऊ नका.

वळवाच्या पावसात वीज गेली की वेळ पुसली जाते, हे या घड्याळाचं खरं दुखणं. वायफाय राउटरला लावतात तसला ५ व्होल्ट देणारा छोटा यूपीएस चार्जर आणि घड्याळ यांच्यामध्ये ठेवला तर तासाभराची गैरहजेरी सहज निभावते. विकत घेण्याआधी तो ५ व्होल्टवर निदान एक अँपिअर देतो का ते पाहा.

१०. डबा आणि वेळेची बारीक जुळणी

डिस्प्लेपुढे लाल पारदर्शक अॅक्रिलिक लावा. न पेटलेले खंड नाहीसे होतात आणि दिवसाउजेडीही आकडे ठळक दिसतात. नंबरप्लेट आणि नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे कापलेला तुकडा मिळतो. पत्र्याचा डबा हवा असेल तर उद्यमनगरात वाकवून मिळेल, पण आत पीसीबी टेकणार नाही असे खांब आठवणीने सांगा. डब्याला वरखाली भोकं हवीत. जुन्या चिपांचं घड्याळ चांगलंच तापतं.

शेवटी पिन ११ कडचा २२ पिकोफॅरड काढून तिथं ट्रिमर बसवा. मोबाइलशी मिळवून ठेवा आणि आठवड्याने फरक बघा. दिवसाला एक सेकंदाचा फरक म्हणजे दहा लाखांत साडेअकरा भागांची चूक, ट्रिमरने ती निघते. घड्याळ पुढे जात असेल तर कपॅसिटी वाढवा, मागे पडत असेल तर कमी करा, दर वेळी अगदी थोडी, आणि प्लॅस्टिकच्या पेचकसानेच. धातूचा पेचकस टेकला की त्याच्यामुळेच वेग बदलतो. हा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सगळ्यात वेगवान असतो आणि त्यापासून वर किंवा खाली गेलं की मंदावतो, म्हणून जुळणी डबा बंद करून, घड्याळ नेहमीच्या जागी ठेवूनच करायची.